जांभळीखालच्या आसरा

एकवीस वर्षं मी लोकांना सहलीला पाठवलं आणि स्वतः कुठंही गेले नाही. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला मी मोकळी.

नगरच्या एसटी स्टँडपासून चालत पाच मिनिटांवर आमचं पर्यटन माहिती केंद्र होतं. केंद्र म्हणजे एक खोली, एक काउंटर, तीन खुर्च्या, भिंतीवर जिल्ह्याचा मोठा नकाशा आणि उन्हानं रंग उडालेली पोस्टरं. पोस्टरांतला लाल-पिवळा रंग केव्हाच उडून गेला होता, निळा तेवढा राहिला होता. भंडारदऱ्याचं धरण निळं, भुईकोट किल्ला निळा, रेहेकुरीचं काळवीटसुद्धा निळं. दुपारी तीनच्या सुमाराला पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आत आलं की सगळी खोली त्या रंगात बुडायची, आणि मला आपण पाण्याखाली बसलोय असं वाटायचं. बाहेर रिक्षावाले ओरडत असायचे, पण ते दुसऱ्याच कुठल्यातरी गावात ओरडताहेत असं वाटायचं.

शहराचं नाव बदललं, आमची पाटी बदलली, तरी काउंटरवर येणारा ‘नगर’च म्हणायचा आणि मीही. येणाऱ्या बहुतेकांना एकच विचारायचं असायचं, शिर्डीची गाडी कुठं लागते? बाहेरच्या लोकांना नगर म्हणजे शिर्डी-शनिशिंगणापूरच्या वाटेवरचा चहा. याचा मला फार राग यायचा. अहो, एवढा मोठा जिल्हा! एका टोकाला डोंगर आणि धो धो पाणी, दुसऱ्या टोकाला माळ आणि टँकर. पण ऐकतो कोण?

ऐकणारे मात्र बसायचे. त्यांच्यासाठी माझे तीन प्रश्न ठरलेले होते. बरोबर कोण कोण आहे? गुडघे कोणाचे दुखतात? आणि भूक किती वाजता लागते? लोकांना वाटतं सहल आखायची म्हणजे किलोमीटर मोजायचे. किलोमीटर आता मोबाईल सांगतो. पण सासूबाई आणि सूनबाई एका गाडीत किती तास सुखानं बसतील, हे त्याला विचारून बघा! ते मी सांगायचे. पाठकोऱ्या कागदावर माझ्या हातानं रस्ता काढून द्यायचे आणि त्याच्या कडेनं लिहायचे: ‘इथे चहा’, ‘इथे काकांना खाली उतरवून पाय मोकळे करायला लावा’, ‘इथे पोरं झोपतील, झोपू द्या’. मग तो कागद मी त्यांना सावकाश वाचून दाखवायचे. वाचता वाचता समोरच्याचे डोळे लांब जायचे. माणूस खुर्चीत असायचा, पण तो संगमनेर ओलांडून गेलेला असायचा. मला या कामातलं हेच सगळ्यात आवडायचं.

फजिती व्हायची तीही सांगते. बेलापूरचं एक कुटुंब मी रेहेकुरीला काळवीटं बघायला पाठवलं होतं. दोन दिवसांनी घरधनी तणतणत आले.

“म्याडम, हरनं दाखवतो म्हनून आमाला बाभळी दाखवल्या तुमी!”

“किती वाजता गेला होतात?”

“जेवून. दोनला.”

“कागदावर सकाळी सहा लिहिलंय.”

“सहाला उठतंय कोन सुट्टीच्या दिशी?”

“मग हरणांनी तरी भर उन्हात का उठावं?”

ते हसले, मीही हसले. तेव्हापासून माझ्या तीन प्रश्नांत चौथा वाढला, झोपेतून उठता कधी?

आणि संगमनेरचे एक निवृत्त गुरुजी. महिन्यातून एकदा मुलीकडे नगरला यायचे, तेव्हा माझ्याकडे हमखास चक्कर. दरवेळी एक नवी सहल आखून घ्यायचे, कागदाची नीट घडी करून खिशात ठेवायचे आणि पुढच्या महिन्यात परत हजर. एकदा मी चिडलेच. “गुरुजी, एकदा जा की हो खरंच कुठंतरी!” ते म्हणाले, “बाई, जाऊन आलो की संपलं ना.”

त्यांनी माझ्याच मनातलं म्हटलं होतं.

मी का गेले नाही? सांगायला कारणं पुष्कळ आहेत. लोकांची सुट्टी तो आमचा कामाचा दिवस. घरी सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यांचं सगळं मीच करायचे. त्या गेल्या तेव्हा यजमानांना प्रवासाचा कंटाळा येऊ लागला होता. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटायची. परत येणाऱ्या माणसांना मी सांगून ठेवलेलं असायचं की जाताना कागद न्या आणि येताना मला सांगून जा. लोक यायचे, सांगायचे. कुठल्या वळणावर गार वारा लागतो, कुठल्या ओढ्याला शेवाळ आहे, कुठं भाकरी चांगली मिळते. त्या सांगण्यातून माझ्या डोक्यात एक अख्खा जिल्हा तयार झाला होता, आवाजांसकट, वासांसकट. दुपारी ऊन आत आलं की मी त्यात फिरून यायचे. खरा जिल्हा बघितला आणि तो तसा नसला तर काय करायचं?

तर अशा बाईकडे किसनराव आले.

भाद्रपद होता. गौरी-गणपती नुकतेच गेले होते. साठीच्या पुढचा, उन्हानं रापलेला माणूस अर्धा तास एकेका पोस्टरापुढं उभा राहिला. मी म्हटलं शिर्डीची गाडी विचारणार. शेवटी काउंटरशी येऊन हळूच म्हणाला, “म्याडम, ह्यातलं बाईमानसाला आवडंल असं कोनतं?”

कर्जतजवळच्या एका खेड्यातले शेतकरी. बायकोला, गयाबाईंना, नगरच्या दवाखान्यात दाखवायला आणलेलं. हृदयाची झडप खराब झाली होती. पुण्यात ऑपरेशन करावं लागेल, जोखीम आहे, पण केलं नाही तर फार दिवस नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पंधरा दिवसांत हो की नाही कळवायचं होतं. आणि गयाबाई नाही म्हणून बसल्या होत्या.

“म्हनती, दोन्ही पोरी दिल्या घरी सुखात हाईत, माझं झालं आता. कशाला चिराफाड? रडत न्हाई, वरडत न्हाई. नुसतं ‘झालं की’ म्हनती.” किसनराव पोस्टराकडं बघत बोलत होते. “तिनं जन्मात तीन गावं बघितली, म्याडम. म्हायेर, सासर आन दवाखान्याचं हे नगर. मी नेलंच न्हाई कुटं. आता वाटतं, कायतरी बघितलं तर जगायची गोडी लागंल तिला.”

“मग घेऊन जा की भंडारदऱ्याला. पाऊस सरत आलाय, आता तर फार सुंदर असेल.”

“फिरायला म्हनलं तर येनार न्हाई. ‘मी काय मोकाट गाय हाय व्हय फिरायला?’ असं म्हनती. देवाला म्हनलं तरच येईल.” मग ते काउंटरवर वाकले. “तुमी तिथं एकांदा देव घाला की.”

“अहो, सरकारी नकाशात मी देव कुठून घालू?”

“बघा बाबा,” ते म्हणाले, “मी उंद्या तिला घिऊन येतो.”

दुसऱ्या दिवशी गयाबाई आल्या. बाहेरच्या तीन पायऱ्या चढताना दोनदा थांबल्या. ओठ निळसर, अंग काटकुळं, पण डोळे मोठे तरतरीत. खुर्चीत बसून श्वास जागेवर येईपर्यंत त्यांनी मला नीट बघून घेतलं. “कशाला बाईला तरास देताय?” असं नवऱ्याला म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

मी सुरुवात केली. रतनवाडीला जुनं शिवालय आहे, फार सुंदर कोरीव काम.

“म्हादेव आमच्या गावात हाय.”

रंधा धबधब्याजवळ देवीचं ठाणं आहे.

“देवी तर घरातच हाय.”

“अहो, पण ही वेगळी...”

“देव वेगळा कसा आसंल? हितला न् तितला एकच की.”

किसनराव तोंड पाडून बसले. मला त्या माणसाची फार दया आली. मी चिडूनच विचारलं, “मग तुमच्या गावात कोणता देव नाहीच, ते तरी सांगा!”

त्यांनी बोटांवर गावातले देव मोजले. मग हळू म्हणाल्या, “आसरा न्हाईत. आमच्या हिरीवर हुत्या. मी नवी नवरी आले तवा पयली ओटी त्यांचीच भरली. हीर आटली आन त्या गेल्या. पानी न्हाई तिथं त्या कशाला ऱ्हातील?”

साती आसरा म्हणजे पाण्याच्या देवी. आमच्याकडं विहिरीच्या, ओढ्याच्या काठाला सात दगड ओळीनं मांडलेले असतात, शेंदूर लावलेले. बाया तिथं जाऊन ओटी भरतात, खण, नारळ, बांगड्या. त्यांना देऊळ लागत नाही, पाणी लागतं.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “त्या तिकडं आहेत.”

ठरवून बोलले नाही, शपथेवर सांगते. पण एकदा बोलले आणि मग मला ते दिसायलाच लागलं. धरणाच्या कडेकडेनं रस्ता जातो, त्यावर एक लहानसा धबधबा आहे. गाडीतून उतरलं की वीस पावलं. पाण्याच्या अलीकडं डाव्या हाताला जांभळीचं झाड, आणि त्याच्या बुंध्याशी सात दगड. मी डोळे अर्धे मिटून सांगत होते. एकवीस वर्षांत मी कुठलीच जागा इतकी स्पष्ट बघितली नव्हती. यातला धबधबा आणि वीस पावलं खरी होती, कितीतरी लोकांनी सांगितलेली. जांभूळ आणि आसरा माझ्या.

“शेंदूर हाय का त्यांला?” गयाबाईंनी विचारलं.

“पाण्याच्या तुषारांनी धुऊन जातो.”

“मग वटी कोन भरतं त्यांची?”

“कुणी नाही,” मी म्हटलं.

त्यांनी एकदा नकाशाकडं बघितलं. मग नवऱ्याला म्हणाल्या, “जायाला पायजे मग. अशा उघड्या कशा ठिवायच्या?”

मी कागद काढून दिला. संगमनेरला थांबा, अकोले गावात जेवण, राजूरला पुन्हा विसावा, एक मुक्काम. येताना नगरवरूनच या आणि मला सांगून जा, असं बजावलं. किसनरावांनी हात जोडले, आणि गावातली गाडी ठरवून दोघं तिसऱ्या दिवशी पहाटे निघाली.

आणि मग माझं मला कळलं. बाई गं, काय करून बसले मी! बिघडलेल्या हृदयाची बाई ओल्या खडकांवरनं नसलेले दगड शोधत फिरणार. वीस पावलांची दोनशे होणार. नाही सापडले तर? देवीसुद्धा आपल्याला दिसत नाही, म्हणजे आपलं खरंच संपलं, असं तिच्या मनानं घेतलं तर? ऑपरेशनला नाहीच म्हणेल ती. किसनरावांचा फोन लागेना, त्या डोंगरात रेंज कुठली? दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. येणाऱ्या लोकांना मी शिर्डीच्या गाडीकडं नुसता हात दाखवत होते.

ते परत यायच्या दिवशी मी संध्याकाळी केंद्र बंदच केलं नाही. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा गेला, पंधरा दिवसांची मुदत संपली. फोन बंद. मी जाणारी-येणारी माणसं बघत बसायचे. दुपारचं ऊन आत यायचं, पण मला कुठं जाता येत नव्हतं. जिथं जाईन तिथं ती बाई खडकावर बसलेली दिसायची.

दिवाळी झाल्यावर एका दुपारी किसनराव दारात उभे राहिले. एकटेच.

मी त्यांना बसासुद्धा म्हटलं नाही.

“दगड सापडले न्हाईत, म्याडम,” ते म्हणाले.

“गयाबाई कुठं आहेत?”

“पोरीकडं, पुण्यात. झालं आपरेशन. बरी हाय. आता शेजारनीशी भांडती बी.”

रडू आलं, ते आवरलं नाही. किसनराव बिचारे मलाच पाणी द्यायला धावले. मग त्यांनी सगळं सांगितलं.

जांभूळ नव्हतीच तिथं, उंबर होता. गयाबाईंनी उंबराखाली बघितलं, खडकांच्या आड बघितलं. मग दम लागून बसल्या. किसनराव घाबरून म्हणाले, चल, जाऊ परत. त्या म्हणाल्या, थांबा. पाण्याकडं बघत बसल्या. तासभर बसल्या असतील. एवढं पाणी कुणी न भरता, कुणी न मागता नुसतं पडतंय, हे त्यांना खरंच वाटेना. मग म्हणाल्या, “दगड आना. सात. मी मांडते.” किसनरावांनी ओढ्यातून एकेक दगड आणून दाखवायचा आणि त्यांनी नाही म्हणायचं. हा वाकडा, हा फुटका, हा नको. दुपार गेली त्यात. शेवटी सात जमले. त्यांनी ते बसल्या जागी पाण्यानं धुतले, ओळीनं मांडले, शेंदूर लावला, ओटी भरली.

“गाडीत बसली आन म्हनली, आता आपनच मांडल्यात. आता दर साली यावं लागल. संगमनेरला आलो, तर डायवरला म्हनली, हितून पुन्याचा रस्ता हाय ना? मग नगरला कशाला वळतो, सरळ पुन्याला घे. तिथनं पोरीला फोन, तिथनं दवाखाना. फोन माझा त्या गडबडीत हरवला. म्हनून कळवलं न्हाई, म्याडम. चुकलंच.”

संगमनेरवरून नाशिक-पुणे रस्ता जातो हे मी हजारांना सांगितलं असेल. हा रस्ता असा कुणाच्या कामी आलेला मी कधी ऐकला नव्हता.

उन्हाळ्यात मी निवृत्त झाले. पुढच्या भाद्रपदात घराच्या दारासमोर गाडी उभी राहिली. गयाबाई आत बसूनच हाका मारत होत्या. “चला म्याडम! वटी भरायला जायचंय. नवऱ्याला इचारायचं आसंल तर इचारा, न्हाई तर नका इचारू.” यजमान वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले, “जा बाई, एकदाची जाऊन ये.”

मी गेले. काय सांगू? संगमनेरच्या पुढं सगळं माझ्या ओळखीचं होतं आणि काहीच माझ्या मनातल्यासारखं नव्हतं. वळणं उलट्या बाजूला होती. डोंगर माझ्या डोंगरांपेक्षा मोठे होते आणि ढग इतके खाली की गाडी त्यांच्यातूनच चालली होती. मी खिडकीतून हात बाहेर काढला, तो ओला झाला. कुणीही मला हे सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल, मला कळलं नसेल. गुरुजींचं चुकलं होतं, आणि माझंही. जाऊन आलं म्हणून काही संपत नाही.

धबधब्यापाशी उतरलो. वीसच पावलं. उंबराखाली एकही दगड नव्हता. पावसाळ्यात पाणी चढून गेलं असणार. मला वाटलं आता गयाबाई खचणार. त्यांनी नुसता पदर खोचला. “चला, पुन्हा मांडू. आना हो दगड!” किसनराव चपला काढून लगेच ओढ्यात उतरले.

आम्ही दोघी खडकावर बसलो होतो. माझ्याच्यानं राहवेना. “गयाबाई, मी तुमच्याशी खोटं बोलले. इथं आसरा नव्हत्याच. मी इथं कधी आलेच नव्हते.”

“म्हाईत हाय की.”

“केव्हा कळलं? इथं आल्यावर?”

“तुमच्या हापिसातच.” त्या हसल्या. “तुमी सांगत हुता, आन हे वर पंख्याकडं बघत हुते. खोटं आसलं की वरच बघतात. चाळीस वर्स बघतीया मी त्यांला.”

“मग... तरी आलात?”

“म्याडम, ह्या मानसानं मला कधी लुगडं सुदिक पसंत करून आनलं न्हाई. भांडला बी न्हाई, बोलला बी न्हाई. मला वाटायचं, मी हाय काय न् न्हाई काय, सारकंच. झालं की आपलं. आन त्यो मानूस एका परक्या बाईच्या पाया पडून माझ्यासाठी देव घालून घेतो, न् घाम पुसत पंख्याकडं बघतो...” त्यांनी ओढ्याकडं बघितलं. “असल्या मानसाला एकटं टाकून जायचं व्हय मी?”

धबधब्याचा आवाज मोठा होता. ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभ्या असलेल्या किसनरावांना यातलं काही ऐकू जाणं शक्य नव्हतं.

“त्यांला सांगू नका हां,” गयाबाई म्हणाल्या. “दगडांमुळं झालं, आसं वाटतंय त्यांला. वाटू द्या.”

किसनरावांनी एक गोटा दोन्ही हातांनी वर उचलून दाखवला. “अगं, ह्यो बरा हाय का?”

“लई हलका!” गयाबाई ओरडल्या. “दुसरा आना!”